दादाचा मंगळवार

त्या काळात मी गावदेवीच्या देवळात जाणं सोडलं होतं. आम्ही मूळचे खारीगावचे. देवीला विचारल्याशिवाय आमच्याकडे साधी चूलही नवी मांडत नसत. पण माझा थोरला भाऊ दारूपायी नोकरीतून उठला, मग घरातून उठला आणि पुलाखाली झोपू लागला. ‘आई, याची दारू सोडव,’ असं देवीकडे मागून मागून मी थकले होते. डबा घेऊन गेले की दादा तोंड फिरवायचा. “तू नको येत जाऊ गो, लोकं बघतान,” म्हणायचा. डबा मात्र ठेवून घ्यायचा.

एका दुपारी शेजारणीचा फोन आला. झोपायच्या जागेवरून पुलाखाली भांडण झालं होतं, कुणीतरी दादाच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो कॅज्युअल्टीतल्या खाटेवर निपचित पडला होता. जखमेला टाके घातलेले होते. कपड्यांना दारूचा जुना, आंबूस वास येत होता. तरुण डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, “नशेत आहेत. उतरली की बोलतील.” मलाही तसंच वाटलं. मला दुसरं काय वाटणार होतं?

खाटेच्या पायथ्याशी एक दाढीवाला म्हातारा जमिनीवर बसला होता. दादाच्याच शेजारी पुलाखाली झोपणारा, किशनभाई. त्यानेच दादाला रिक्षात घालून आणलं होतं; त्याचा सदरा रक्ताने भिजला होता. तो उठून हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाब, आज इसने पी नहीं है. मंगल है ना. मंगल को देवी का दिन बोलके ये हाथ नहीं लगाता. दिनभर काँपता है, फिर भी नहीं पीता.”

डॉक्टर थबकले. दादाच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. लगेच डोक्याचा सीटी स्कॅन काढला. आत रक्त साचत होतं. अँब्युलन्सने मोठ्या इस्पितळात नेऊन त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

बाहेरच्या बाकावर मी आणि किशनभाई बसलो होतो. ज्या देवीने माझं ऐकलं नाही म्हणून मी रुसले होते, तिचा वार माझा भाऊ पुलाखाली पाळत होता. कुणी बघत नसताना, थरथरत्या हातांनी. मला इतकं रडू आलं की किशनभाईने आपला गमछा पुढे केला.

दादा वाचला. डाव्या हातात अजून जोर नाही. आता तो आमच्याकडेच असतो, औषधं चालू आहेत. दोनदा तो पुन्हा प्यायला, दोनदा तो स्वतःहून डॉक्टरांकडे गेला. किशनभाई राहायला येत नाही, जेवायला येतो. मंगळवारी मासळी नसते म्हणून कुरकुरतो. “तुझी देवी लई कडक हाय,” असं मला म्हणतो; हे मराठी दादानेच त्याला शिकवलंय.

मी पुन्हा देवळात जाते. पूर्वी मी देवीकडे भाऊ मागत असे, तोही मला हवा तसा. आता तो आहे तसा तिच्या पदरात घातलाय. तिने त्याला कधी सोडलंच नव्हतं, हे मला कळायला उशीर झाला एवढंच.