डाव्या खांद्यावरचा टाका

आमच्या सासूबाईंसमोर पहारेकऱ्याच्या पाठीवरच्या निळ्या कापडाला 'झूल' म्हणायची सोय नाही. मी एकदा म्हणाले. "झूल बैलाला असते," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी तेवढंच बोलल्या.

पहारेकरी म्हणजे सिनेमातला. दिवसा घड्याळं दुरुस्त करतो, संकट आलं की अंगावर निळं चढवून उडतो. हा सिनेमा सासूबाईंनी थिएटरात सात वेळा पाहिला. त्यांतल्या चार वेळा मी सोबत होते, माझी इच्छा कोणी विचारली नव्हती. सिनेमा संपला तरी त्या उठायच्या नाहीत. झाडूवाले आत येऊन उभे राहिले, तरी पडद्यावर सरकणाऱ्या नावांमधलं कपडेपटातलं एकेक नाव वाचून मगच पिशवी उचलायच्या. मी म्हणायचे, "आई, यात आपलं कोणी नाहीये." त्या म्हणायच्या, "तुला काय माहीत."

त्यांची नोकरी रुग्णालयाच्या धुलाईघरात, फाटकं शिवायच्या खोलीत. एक लांब टेबल, सहा बायका, चादरींचे आणि डॉक्टरांच्या कोटांचे ढीग. तीस वर्षं सासूबाई टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला बसतात. त्या डावखुऱ्या. मध्ये बसवलं तर शेजारणीच्या कोपराशी कोपर लढतं, म्हणून पहिल्याच दिवशी टोकाला बसवलं ते कायमचं. लहानपणी शाळेत पट्ट्या खाऊन लिहायला उजव्या हातानं शिकल्या आणि ते अक्षर त्यांना अजूनही परक्याचं वाटतं. सुई मात्र कोणाच्या बापाला बधली नाही, ती डाव्या हातातच राहिली. त्यांनी रफू केलेलं भोक शोधून दाखवा म्हणून मी माझ्या भावाशी पैज लावली होती. तो चादर उलटीसुलटी करून थकला.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सिनेमावेड्यांची मंडळी जमते. तिचे म्होरके आहेत एक दातांचे डॉक्टर, छातीवर पहारेकऱ्याचं चित्र असलेला शर्ट घालून येणारे. सासूबाईंची आठवड्याभरातली एवढीच चैन. त्या दिवसांत तिथे एकच विषय चालू होता, भाग दोन येणार का आणि त्यात पहारेकरी असणार का. कारण सिनेमाच्या शेवटी त्याच्यावर इमारत कोसळते आणि ढिगाऱ्यात नुसतं ते निळं कापड सापडतं, डाव्या खांद्यावर फाटलेलं. मग सगळी नावं सरकून गेल्यावर दहा सेकंद एक गच्ची दिसते. तिच्यावर तेच निळं पांघरून कोणीतरी पाठमोरं उभं असतं. चेहरा दिसत नाही.

"तो नवा माणूस आहे. जुना गेला," डॉक्टर म्हणाले.

"तोच आहे," सासूबाई म्हणाल्या. "खांदा शिवलाय बघा. टाके उलट्या बाजूला झुकलेत, म्हणजे डाव्या हाताचे आहेत. पहारेकरी घड्याळं कोणत्या हातानं उघडतो?"

"डाव्या," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग झालं. स्वतःचं स्वतः शिवलंय त्यानं. मेलेला माणूस सुई धरत नाही."

खोली हसली. डॉक्टरही हसले, वाईट हेतूनं नाही, पण हसले. "काकू, कोट्यवधींचा सिनेमा आहे. तुम्ही टाका काय बघताय?"

सासूबाईंच्या नाकावर राग असतोच. त्या म्हणाल्या, "मी कपडेपटाला पत्र घालते. खांदा का आणि कोणी शिवला ते विचारते. माझं चुकलं असेल, तर या खोलीत परत पाय ठेवणार नाही."

मी त्यांचा दंड दाबला, पण शब्द तोंडातून गेला होता. घरी येताना मी चांगलीच चिडले. "एका खांद्यासाठी रविवार घालवणार तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तीस वर्षं टाके बघतेय मी. एवढं एकच तर मला येतं." डॉक्टरांनी पत्ता शोधून दिला. पत्र सासूबाईंनी उजव्या हातानं लिहिलं, चार वेळा खोडून.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. सासूबाईंनी ते न फोडता रविवारी डॉक्टरांच्या हातात दिलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं.

कपडेपटातल्या एका बाईनं लिहिलं होतं, "गोष्टीत तो खांदा शिवलेला नव्हताच. गच्चीच्या चित्रीकरणाच्या सकाळी ती फाटकी जागा दिव्याच्या खांबाला अडकून आणखी फाटली, कापड अंगावर राहीना. दुसरं तयार नव्हतं. मी घाईत उभ्या उभ्या शिवलं. मी डावखुरी आहे. दिग्दर्शकांच्या लक्षात आलं नाही, कोणाच्याच आलं नाही. भाग दोनचं मला कोणी काही सांगत नाही. तुम्ही शेवटची नावं वाचता असं लिहिलंत. माझं त्यात नाही, शोधू नका. पण तुमचं पत्र मी शिवणाच्या डब्यात ठेवलंय."

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. खोलीत कोणी हसलं नाही. सासूबाईंनी पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या.

"काकू, कुठे?"

"शब्द दिला होता. पहारेकऱ्यानं शिवलेलं नाही ते. माझं चुकलं."

त्या दाराशी पोचल्या तेव्हा डॉक्टरांनी घाईघाईनं प्रोजेक्टरवरून भिंतीवर ती दहा सेकंदं लावली आणि खांद्यावर चित्र थांबवलं. खांदा पलंगाएवढा दिसत होता. मंडळी खुर्च्या सोडून भिंतीशी गेली. पहारेकऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे नाक लावून टाके बघत होते.

"खरंच उलटे आहेत," डॉक्टर म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले. "काकू, आम्ही वर्षभर त्याचा चेहरा ओळखायला बसलोय आणि जमलं नाही. तुम्ही इथे बसून एका बाईचा हात ओळखलात. तुम्ही गेलात तर मंडळी कोणाच्या जिवावर चालवायची?"

सासूबाई परत आल्या. आधी भिंतीजवळ गेल्या, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "तिसरा टाका ओढला गेलाय," त्या म्हणाल्या. "उभ्यानं शिवलं की होतं. बाकी हात चांगला आहे पोरीचा." त्या वेळी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी उगाच सांगितलं, या माझ्या सासूबाई.

मग मंडळीनं तिथेच पत्र लिहायला घेतलं, सिनेमा कंपनीला. भाग दोन आला तर पहारेकरी जिवंत ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी, पण शेवटच्या नावांमध्ये खांदा शिवणाऱ्या बाईचं नाव घाला, एवढंच त्यात होतं. पहिली सही सासूबाईंनी करावी असं ठरलं. डॉक्टरांनी पेन त्यांच्या उजव्या हाताशी धरलं.

सासूबाईंनी ते डाव्या हातात घेतलं. सही वाकडीतिकडी झाली, कागदभर मोठी. त्यांनी ती मला दाखवली आणि म्हणाल्या, "हे माझं अक्षर."