पावणेसहाची कडी

मी फॅब्रिकेशनवाला माणूस. लोखंड तापलं की फुगतं आणि लेव्हल चुकली की दार आपोआप उघडतं, एवढ्या दोन वाक्यांत जगातली निम्मी भुतं निकालात निघतात असं माझं मत होतं. इथले भुताखेतांचे अनुभव मी दोनेक वर्षं वाचतोय, एकदोनदा खवचट कॉमेंटही टाकलीय. ज्यांना टाकली त्यांनी आज हसून घ्यावं... हक्क आहे तुमचा.

श्रीगोंद्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आमची शेती. वाटणीत मला रस्त्याकडेचा एकरभर ऊस आला, राहतं घर थोरल्या भावाकडे गेलं. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. लग्न करून पाहिलं होतं, बांधायच्या फंदात पडायची हौस नव्हती. नागापूरच्या एमआयडीसीत बारा वर्षं मी पोर्टा केबिनच बनवत होतो, आता श्रीगोंद्यात स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. तेव्हा जुनी केबिन घ्यावी, डागडुजी करावी आणि उसाच्या कडेला ठेवून राहावं, असं ठरवलं.

नागापूरला मुनीरचाचांच्या यार्डात एक मिळाली. कुठल्याशा कॉन्ट्रॅक्टरचे हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी साइटवरून उचलून आणलेली. वीस बाय दहा, मधे पार्टिशन, ओटा, मागे संडास-बाथरूम. मी पत्रा ठोकून पाहिला, खाली झोपून चॅनेलचा गंज पाहिला. वेल्डिंग माझ्यापेक्षा बरं होतं, हे मी बायकोला सांगितलं नाही. दाराला आतून सरकवायची एक लोखंडी कडी होती, जुनी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

दिवाळीनंतर राहायला गेलो. मी, बायको सीमा आणि आमची ओवी, वय वर्षं तीन.

चौथ्या-पाचव्या दिवशी सीमा म्हणाली, "अहो, मी कडी लावली हुती. दार उघडं कसं?" मी म्हटलं, विसरली असशील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वेळ एकच... संध्याकाळी पावणेसहा. मी लेव्हल लावली, केबिन एका सुतात होती. विहिरीवरची मोटर बंद ठेवून पाहिली, म्हणजे हादरा नको. शेवटी जुनी कडी काढून टूलबॉक्समधे टाकली आणि त्याच जागी नवी जाडजूड कडी वेल्ड केली, जी सरकवताना माझंच मनगट दुखायचं.

मग चहाचा कप घेऊन दारासमोर बसलो. पावणेसहाला कडी उचलली गेली आणि डावीकडे सरकली. धक्का नाही, खडखड नाही. रोजच्या सवयीच्या हातानं सरकवावी तशी, हळू. दार वीतभर बाहेर उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. माझ्या हातातला चहा गार झाला तरी मी उठलो नाही. घाबरलो होतो, सरळ सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, उघडलं दार तर उघडलं. पण आमच्याकडे तोडणी सुरू झाली की उसातला बिबट्या बाहेर पडतो, आणि त्याची वेळ दिवस मावळतानाचीच. त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरून एक शेळी गेली होती. दार बाहेर उघडणारं, त्यामुळे आतून पेटी लावूनही उपयोग नाही. कुलूप म्हटलं तर सीमा म्हणाली, "पोरीला घिऊन आतून कुलपात बसू? आन् गॅस पेटला मंजी?"

एका संध्याकाळी मला यायला उशीर झाला. सीमा ओट्याशी भाकरी थापत होती, पीठ भरलेल्या हातानं तिनं मागे पाहिलं तर दार सताड उघडं आणि ओवी बाहेर पायरीवर बसलेली. समोर पंधरा पावलांवर ऊस. आमचा मोत्या एरवी पाखरावरही भुंकतो, तो केबिनखाली शिरून गप्प पडला होता. ऊस हलत होता... वारा नसताना. सीमानं पोरीला उचललं, दार ओढलं आणि मी येईपर्यंत कडीवर दोन्ही हात दाबून उभी राहिली. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे मिळाले. पायरीपासून सहा पावलांवर.

"कडीचं काय करायचं त्ये तुमी बघा," सीमा म्हणाली. "आजचा दिस ऱ्हाते. उद्या पोरीला घिऊन माहेरी. आन् ह्या डब्यात परत न्हाई." तिचं चुकत नव्हतं. सगळी पुंजी त्या डब्यात गेली होती, पण पोरीपुढे पुंजी कसली.

मी तडक मुनीरचाचांकडे गेलो. ते आधी हसले, मग माझं तोंड पाहून थांबले. म्हणाले, "त्यात साइटचा वॉचमन राहायचा, बायकोसोबत. तो तर गेला बिचारा. बाई भिंगारला असते, माझ्या ओळखीच्या मेसमधे पोळ्या लाटते." पत्ता दिला.

कांताबाई पन्नाशीच्या, मेसमधून घरी आल्यावर भेटल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. एका चाळीवजा ओळीत शेवटची खोली, दाराच्या जागी नुसता पडदा. मी सांगितलं, तुमची जुनी केबिन मी घेतलीय, सहज भेटायला आलो. कडीचं मुद्दाम काही बोललो नाही. बाईंनी चहा ठेवला. केबिनचं ऐकून त्यांना बरं वाटलं... ओटा तोच हाय का, खिडकीची जाळी फाटली हुती ती शिवली का, असं विचारत राहिल्या.

मग आपणहून नवऱ्याचं सांगू लागल्या. "रोज सकाळी 'येतो गं' म्हनून जायचे. टँकरपास्नं पान्याचे दोन कॅन आनायचे, सांजच्याला. दोन्ही हात गुतलेले, मंग दार कसं वाजवनार? म्हनून मी आदीच कडी काढून ठिवायची. त्या दिशी काढली... आन् डंपर लागला हे सांगाया मानसं आली."

बोलता बोलता त्या उठल्या. वाक्य अर्धवट ठेवून पडद्यापाशी गेल्या, उजवा हात वर केला आणि हवेतच काहीतरी उचलून डावीकडे सरकवलं. हळू. मग परत येऊन बसल्या आणि राहिलेलं वाक्य पुरं केलं.

माझा मोबाईल वाजला. सीमा. "उघडली. आत्ता, माज्यादेखत. भाऊजी बाहीर कोयता घिऊन बसल्यात म्हनून बरं. तुमी फोन ठिवू नगा."

मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

फोन झाल्यावर विचारलं, "मावशी, आत्ता काय केलंत?"

त्या ओशाळल्या. "सवय हो दादा. ते गेल्यावर बी सात म्हैनं मी कडी काढतच हुते. मंग केबिनच उचलून नेली. हितं दारच न्हाई, तरी हात जातोय. पोरी हसत्यात मेसमधल्या."

तेव्हा मी सगळं सांगितलं. कडी, ऊस, पायरीवरची ओवी. ऐकता ऐकता त्या रडू लागल्या. "माज्या हातानं लेकराचं काय झालं असतं म्हंजी? दादा, मी हात बांधून बशीन. रोज बशीन."

खरं सांगतो, भिंगारला येताना माझ्या डोक्यात राग होता, कुणावर ते कळत नव्हतं. तो तिथे संपला. म्हटलं, "हात कशाला बांधता मावशी. दार करून देतो."

रविवारी फ्रेम आणि दार टेम्पोत घालून नेलं. टूलबॉक्समधली जुनी कडी काढली आणि म्हटलं, कुठे लावू, त्या उंचीवर हात धरा. त्यांनी डोळे मिटून हात धरला. मी टेप लावला... एक्केचाळीस इंच. केबिनच्या दाराला जुन्या कडीची भोकं बरोबर तेवढ्यावरच आहेत. कडी बसवून झाल्यावर त्यांनी ती चारपाच वेळा नुसतीच सरकवून पाहिली.

त्या दिवसापासून आमच्याकडची कडी हललेली नाही. सगळं ऐकून रविवारपर्यंत थांबलेली सीमा मग माहेरी गेलीच नाही. पहिला आठवडाभर आम्ही दोघं पावणेसहाला दारासमोर बसायचो, मग ते सुटलं.

आता मला स्पष्टीकरण विचारू नका, माझ्याकडे नाही. जिवंत बाईच्या हातानं साठ किलोमीटरवरची कडी कशी निघते? एखाद्या वाचकाला सुचलं तर जरूर लिहा. लेव्हलचं सोडून, लेव्हल मी दोन्ही दारांची पाहिलीय.

तसं सुचलं तरी आणखी एक उरतंच. तीनेक आठवड्यांनी कांताबाईंचा फोन आला. आवाज इतका मोकळा की मी आधी ओळखलाच नाही.

"दादा, काल गंमत झाली. हात लावायच्या आदीच कडी सरकली."

"मावशी, घाबरला नाहीत?"

"घाबरायचं काय त्यात? आता हातात कॅन न्हाईत त्यांच्या."

"मग काय केलंत?"

"काय करनार. चा टाकला, दोगांचा."

वर्कशॉपचं शटर हल्ली पाचलाच ओढतो आणि पावणेसहाच्या आत घरी असतो. दोन्ही हात मोकळे असले तरी दार वाजवतो, आणि सीमा आतून नाव विचारल्याशिवाय कडी काढत नाही.