बुद्धगयेला अडवून बसलेलं रबर

गाडीच्या सामानाचे दुकानदार म्हणत, हे घरातलं काहीतरी आहे. नळाच्या सामानाचे दुकानदार म्हणत, हे गाडीतलं आहे. नाशिकमध्येच द्वारकेवरून पंचवटीत आणि पंचवटीतून परत द्वारकेला खेटे घालून बुद्धभूषण सर मेटाकुटीला आले होते.

रबर बशीएवढं होतं. काळं, कडेला खाच असलेलं. सरांच्या जुन्या मोटारहोममध्ये, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीत, संडासाच्या भांड्याखाली एक सरकती झडप होती. त्या झडपेचं हे रबर. ते चिरलं होतं. टाकीतला वास गाडीभर पसरायचा, आणि वळणावर नुसता वासच नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी ही गाडी घेतली ती आईसाठी. शकुबाईंना बुद्धगया बघायची होती. पण त्यांना लघवी धरवत नव्हती, आणि रेल्वेत संडासापुढं रांग. कॉलनीतल्या बायका रेल्वेनं जाऊन आल्या. शकुबाई त्यांना स्टेशनवर हार घालून घरी परतल्या. गाडीतला संडास धड चालला तरच त्या निघणार होत्या. इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि सगळं घोडं अडलं होतं एका रबरापाशी.

संडास परदेशी बनावटीचा. तो बनवणं कंपनीनं कधीच बंद केलेलं. ऑनलाइन मागवलेलं एक रबर सैल निघालं. दुसरं बसेचना.

"कशाचं आहे हे?" प्रत्येक दुकानदार विचारायचा.

"टाकीचं."

"कसल्या टाकीचं?"

"पाण्याच्या," सर म्हणायचे.

मग दुकानदार पाण्याच्या टाकीचं रबर द्यायचा. घरी येऊन बसवलं की झडप सरकताना ते गोळा होऊन बाहेर यायचं. सर कपाळाला हात लावायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा 'पाण्याची टाकी'च सांगायचे.

सरांनी जन्मभर मराठी शिकवलं. नेमका शब्द वापरा म्हणून पोरांचे कान पिळले. पण हा एक शब्द दुकानात त्यांच्या तोंडून निघत नव्हता. त्यांचे वडील मल्हारी नगरपालिकेत संडास साफ करायला होते. लहानपणी शाळेत पोरं सरांना बघून नाक दाबायची. त्या वासापासून लांब यायला सरांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता चारचौघांत उभं राहून त्याच टाकीचं रबर मागायचं?

कुणीतरी सांगितलं, पिंपळगावला बघा. द्राक्षबागांच्या फवारणीचं सामान मिळतं, तिथं कसलंही रबर सापडेल. सर निघाले तर शकुबाई आधीच गाडीत बसलेल्या.

"आई, तू कशाला?"

"तू नुसता जाऊन येतोस. मला बघू दे काय करतोस ते."

दुकानात द्राक्षवाल्यांची गर्दी. काउंटरवर नेमका हर्षल, सरांचा जुना विद्यार्थी. त्यानं हातातलं काम टाकून सरांना खुर्ची दिली, आजींना दिली, चहा सांगितला. सरांनी चिरलेलं रबर पिशवीतून काढून पुढं सरकवलं.

"बोला सर, कशाचं रबर?"

"टाकीचं. पाण्याच्या."

हर्षलनं नमुना उलटापालटा केला. "पाण्याचं नाही वाटत सर. पाण्याला एवढं जाड कशाला लागेल?"

"पाण्याचंच आहे."

"अरे कसलं पाणी!" शकुबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "संडासाचं हाय ते, बाबा. गाडीतल्या. मला लघवी धरवत नाय आन् जायचंय बुद्धगयेला. हा पाणी पाणी करत हिंडतोय."

सर जमिनीकडे बघत राहिले. कुणी नाक दाबलं नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "आमच्या घरात बी तेच हाय, माय. लांबच्या लग्नाला जाता येत नाय."

"मग आधी सांगायचं ना सर!" हर्षल म्हणाला. "स्लरीचं चालेल की." शेण, गूळ आणि बेसन कालवून द्राक्षवेलींना देतात, त्या स्लरीच्या टँकरलाही अशीच झडप असते. घट्ट माल सरकला तरी तिचं रबर जागचं हलत नाही.

त्यानं एक काढून दिलं. सरांनी गाडीत जाऊन ते खाचेत दाबलं. बसलं. झडप सरकवली, बंद केली, वरून बादली ओतली. खाली थेंब नाही. इतके दिवस हे रबर पिंपळगावात लटकत होतं, आणि आपण नाशिकभर पाणी मागत फिरलो. सरांना स्वतःचाच संताप आला.

ते तसेच काउंटरवर आले.

"अजून एक दे. वाटेत लागलं तर."

हर्षलनं माळ्यावरच्या माणसाला हाक मारली. तो वरून ओरडला, "स्लरीचंच ना?"

"संडासाचं!" सर त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

"वरडतोस काय," शकुबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय त्याला."