माह्या दमाले पुरन अशी शिट्टी

सासूबाई मौद्याले लेकीकडं गेल्या. नणदेचं दुसरं बाळंतपण, म्हणजे महिनाभर तरी त्या काही येत नाही. घर मी सांभाळलं असतं, दीड वर्षाची पोरगी सांभाळली असती, सैपाकाचं तं काहीच नाही. पण बदकं? चौदा बदकं अन् एक हंस. हंस म्हणजे पांढरा नर, मान काढली का माह्या कमरेले लागते, अन् चावते.

आमचं घर हुडकेश्वरच्या पुढं आहे, जिथं ले-आउट संपते अन् धानाच्या बांध्या लागते. मागं लहानसा तलाव आहे, आम्ही बोडी म्हणतो. सकाळी खुराड्याचं दार उघडलं का बदकं सरळ बोडीत. दिवस बुडाच्या आधी सासूबाई काठावर उभ्या राहून एक हाक देत, "याऽऽऽ वं याऽऽऽ", इतकी लांब का ले-आउटमधल्या बाया गॅसवर चहा ठेवत. मग बदकं रांगेनं घरी. नाही आले तर बोडीवरचे कुत्रे सोडत नाही, सकाळी निसते पखं भेटते.

अन् मले लहानपणापासून दमा. कुहीकडच्या माह्या माहेरच्या गावातून शाळेत पायी जा लागे, अर्ध्या रस्त्यात मी बसून जाओ, म्हणून आठवीतच शाळा सुटली. आता अशा बाईनं बोडीच्या पल्याड हाक पोचवावी कशी? पण जाताना सासूबाई म्हणाल्या, "घर झाडलं नाही तरी चालन वं, पण सांजच्याले माहे बदकं मोजून घेजो." मी पटकन हाव म्हणून टाकलं. त्यायच्यासमोर माह्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

पहिल्या सांजेले मी हाक मारली, ते काठाखालीच विरली. शेवटी आमचे हे पँट गुडघ्यावर करून पाण्यात शिरले, काडी घेऊन, अन् चिखलानं भरून आले. आठ दिवस असंच चाललं. पण सोमवारपासून यायची सांजची शिफ्ट लागणार होती, मग मी एकटी. मले झोप येईना.

रविवारी सांजच्याले बदकं घरी आणल्यावर यायनं पिशवी आणून अंगणात रिकामी केली. "घे, निवड."

पीटीच्या सरांची असते तशी एक शिट्टी होती. मी फुकली तं डोळ्यापुढं काजवे चमकले, आवाज मातर निघाला पोरीच्या रडण्याचा, ते भेली.

मग रबराचा भोंगा, दाबला का पोंऽ पोंऽ. मी म्हटलं हेच ठेवू, याले दमच लागत नाही. दाबला एकदा, तर अंगणातले सगळे बदकं खाटेखाली! पाचच मिनिटात ध्यानात आलं. कोंबड्या-बदकं इकत घेणारा फटफटीवाला असाच भोंगा वाजवत येते. ज्यायले ज्यायले त्यानं नेलं, ते कोणी वापस आलं नाही.

"तू तं यमाचाच भोंगा वाजवला वं," हे पोट धरून हासाले लागले.

मग यायनं मोबाइलवरून मागवलेला डबा उघडला. आत दोन नळ्या, एक लहान लाकडाची बदकांसाठी, एक मोठी काळी हंसासाठी. डब्यावर एका माणसाचा फोटो, खांद्यावर बंदूक, कमरेले मेलेले बदकं लटकवलेले.

"अवो बाप्पा, हे तं शिकाऱ्याची होय! बोलावते अन् मारते!"

"शिट्टी नाही मारत वं, बंदूक मारते. आपल्या घरी बंदूक आहे का?"

"पण बदकायशी खोटंच बोलाचं ना?"

"पोरीले भात चारताना तू म्हणते ना, चिमणी आली, चिमणी आली? कुठं रायते चिमणी?"

मी डबा उलटा करून ठेवला, फोटो खाली.

मोठी नळी यायनंच फुकली, छाती फुगवून. होंऽऽक! हंसाले वाटलं घरात दुसरा नर शिरला. त्यानं मान जमिनीले लावली अन् जो धावला, हे पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. मी हासता हासता दम लागून खाली बसली, पोरगी टाळ्या वाजवे. ते नळी मग फळीवर गेली. राह्यली लहान लाकडाची. निवडली म्हणजे काय, तेच उरली.

सोमवारी दिवस कलला. हे कामावर. मी पोरीले कडेवर घेतलं, बादलीत तांदळाची कणी घेतली अन् काठावर गेली. पल्याडच्या काठावर दोन कुत्रे आधीच येऊन बसले होते, एकदम निवांत, पंगतीत वाढाची वाट पाहावी तसे.

मी जोर लावून फुकलं. क्वॅऽऽक! सगळ्या माना वर. अन् सगळे बदकं पल्याड चालले, कुत्र्यायकडं! मले वाटलं ऐकू नाही गेलं, म्हणून आखीन जोरानं फुकलं. ते आखीन दूर. मग समजलं, एवढ्या जोरानं बदक भेलं का वरडते. मी त्यायले म्हणून राहिली होती, पळा.

आता माह्यात दमच उरला नाही. छाती वाजाले लागली, मी मटकन खाली बसली. एका हातानं पोरीचा फ्रॉक धरला, दुसरा छातीवर, शिट्टी तोंडातच राह्यली. मी धापा टाकून राहिली अन् शिट्टी धापेधापेले आपोआप वाजून राहिली. कुट्. कुट्कुट्. कुट्.

हा आवाज मले माहीत होता. चिखलात चोच घालून गोगलगाय भेटली का बदकं असेच बोलते, आपसात, हळू.

एक भुरी बदक थांबली. तिनं मान वाकडी करून पाह्यलं अन् वळली. मग दुसरी. मी काही शहाणपण नाही केलं, निसती धापा टाकत राह्यली. पोरीनं बादलीत हात घालून कणी उधळली. रांग काठावर चढली, सगळ्यात शेवटी हंस. तो माह्या मांडीजवळून गेला. मी पळाली नाही, पळाले दमच नव्हता, अन् तो चावला नाही.

खुराड्याच्या दारात बोटं ठेवून मोजले. तेरा. मी वळून पाह्यलं, तं भुरी माह्याच मागं उभी, बादलीत मान घालून. चौदा! घरात जाऊन दम्याचा पंप ओढला तवा जीव जाग्यावर आला.

तेवढ्यात मौद्याहून व्हिडिओ कॉल. सासूबाईच्या मांडीवर तीन दिवसाचं लेकरू झोपलेलं.

"किती आले?" ना पोरीचं विचारलं, ना माहं.

"चौदा अन् हंस, आई."

मग म्हणाल्या, "हाक कोणी मारली?"

मी शिट्टी दाखवली.

"ऐकव बरं."

मी हळूच फुकलं. कुट्कुट्कुट्. खुराड्यातून चौदाच्या चौदा बोलाले लागले, हंसानंही होंक केलं, पोरगी किंचाळली, अन् तिकडं मौद्यात लेकरू दचकून जे रडाले लागलं, का नणदेचा आवाज आला, "आई, बंद कर तो फोन!"

"बस कर वं, बस कर," सासूबाई लेकराले थोपटत म्हणाल्या. हासून राहिल्या होत्या. "अन् उद्या याच टायमाले फोन लावजो. मी मोजीन."