कोऱ्या राहिलेल्या पेशी

रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या आधी माधवराव डॉक्टर पायांतल्या वहाणा काढून ठेवत. त्यांच्या बारामतीच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून लागले, तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. "हसू नका, बाई," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगात शिरतोय आपण." मुंबईला शिकून आले, तरी त्यांची बोली त्यांच्या गावची, कोऱ्हाळ्याचीच राहिली होती.

त्या काळी आमच्याकडे सहसा कुणी करत नसे अशी एक तपासणी ते करत. काचेवर रसायन टाकलं, की पांढऱ्या पेशीत ठरावीक द्रव्य असेल तर निळे दाणे उमटत. नसेल तर ती कोरी राहे. "नुसत्या रूपावर जाऊ नये," ते म्हणत, "तिच्या पोटात काय हाय ते इचारावं."

एका हिवाळ्यात त्यांचे थोरले बंधू तात्या आले. ऊसतोड चालू असताना ते कधी रान सोडत नसत. ताप हटत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून दोन काचा केल्या. पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती. कुठं पू धरल्यामुळं त्या वाढल्या असत्या, तर दाणे उमटायला हवे होते. पहिली काच कोरीच राहिली. "रसायन जुनं झालं असंल," म्हणत त्यांनी ते नव्यानं बनवलं आणि आधी माझ्या रक्तावर टाकून पाहिलं. माझ्या पेशींत निळे दाणे दाटून आले. मग त्यांनी तात्यांची दुसरी काच घेतली. तीही कोरी.

दारातून तात्यांनी विचारलं, "माधवा, काय दिसलं?"

"तात्या, रक्ताचा कॅन्सर हाय. औषध न्हाय त्याला."

तात्या जवळ आले. "मला बी दाव." एक डोळा मिटून त्यांनी पाहिलं. "हे माझं रगत व्हय? चांगलं दिसतंय की." मग त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. "परक्यानं सांगितलं असतं, तर मी इश्वास ठेवला नसता. चल आता, घरी जाऊ."

दवाखान्याला कुलूप लावून डॉक्टर कोऱ्हाळ्याला गेले. भावाला अंघोळ घालणं, पेज भरवणं सगळं त्यांनीच केलं. शिमग्याच्या आधी तात्या गेले.

परतल्यावर पहिलीच काच अंथुर्ण्याच्या एका पांढऱ्याफटक पडलेल्या सासुरवाशिणीची होती. डॉक्टरांनी ती नीट पाहिली आणि स्वतः बाहेर आले. "रक्त कमी हाय पोरी, एवढंच. लोहाच्या गोळ्या घे. बरी होशील."

"खरंच?"

"व्हय, बरी होशील," ते पुन्हा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून रडू लागले.

ती बावरली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, बरी होशील म्हणत्यात, मग रडत्यात कशापायी?"

मी तिला बाकावर बसवलं आणि गोळ्यांची पुडी बांधायला घेतली.