नळीच्या टोकाचं वजन

ते वजन मीच लेथवर कातलं होतं, म्हणून किळसेची सुरुवात मला स्वतःपासूनच करावी लागते.

मी पिरंगुटजवळच्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर आहे. घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावी मराठीतून शिकलो. कॉलेजात कंपनांचा विषय आला तेव्हा तो मला झेपेना. एका प्राध्यापकांनी टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टी दाबून धरली, तिचं मोकळं टोक छेडलं आणि दहा मिनिटांत विषय डोक्यात उतरवला. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे कोळवण खोऱ्यातल्या एका फार्महाऊसवर नेमबाजीचा क्लब चालवणारे सर आमच्याकडे आले आणि रायफलच्या नळीसाठी ट्यूनर करून द्याल का म्हणाले, तेव्हा मला आनंदच झाला.

ट्यूनर म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचं, आट्यांवर पुढेमागे सरकणारं वजन. गोळी झाडली की नळी त्या पट्टीसारखीच थरथरते. प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा, म्हणून ती त्या हेलकाव्यात वेगळ्या क्षणी बाहेर पडते आणि कागदावर भोकं पांगतात. वजन नेमक्या जागी आलं तर हे पांगणं कमी होऊ शकतं. यात थोतांड काही नाही. पण ती जागा शोधायला पुष्कळ गोळ्या लागतात आणि त्याहून जास्त धीर.

सरांनी वजनावरच्या प्रत्येक खुणेवर पाच-पाच गोळ्यांचा एकच कागद झाडून घेतला. चौदाव्या खुणेवर भोकं सगळ्यात दाट आली. शोध संपला. चौदावर पुन्हा झाडून बघू, असं मी सुचवलं, पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. रायफलींना झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, आणि सरांनी वजन व नळी यांच्या सांध्यावर कुंकवाची आडवी रेघ ओढली. आता ही जागा हलवायची नाही, असा हुकूम निघाला. त्या रेघेपुढे मीही हात जोडले. पाच भोकांच्या पुराव्यापुढे.

ती रायफल क्लबची होती. ती वापरायची खोऱ्यातल्या वरच्या वाडीतली एक मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील त्याच फार्महाऊसचे रखवालदार. तिच्याइतकं शांत पडून नेम धरणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि तिच्याकडे स्वतःची रायफल नव्हती.

ट्यूनर बसल्यापासून तिचे गुण उतरू लागले. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "दादा, पुढं लई जड झालंय." मी हसून सांगितलं की हे वजन पाण्याच्या छोट्या बाटलीएवढंसुद्धा नाही. मोकळ्या टोकाला टांगलेलं थोडं वजनही हाताला किती ओढतं, यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. तिचे सुरुवातीचे नेम चांगले जात. मग डावा हात थकायचा, नळी झुकायची आणि गोळ्या खाली जायच्या. सर म्हणायचे की हिचा श्वास बिघडलाय. शेवटी त्यांनी बजावलं की असंच चाललं तर निवडीला ही रायफल दुसऱ्याला मिळेल.

तेव्हा मला जाग आली. मी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायला लावली आणि तिला त्या कुंकवाच्या खुणेवरच पाच कागद झाडायला सांगितले. एकावर भोकं एकमेकांत शिरलेली, दोन कागदांवर बरी, उरलेल्या दोहोंवर चौफेर पांगलेली. ट्यूनर नसतानाही अगदी असेच कागद यायचे. सरांनी दाट भोकांचा कागद तेवढा उचलला आणि उरलेले चार चुरगाळून चहाचे वापरलेले कप टाकायच्या डब्यात टाकले. मी ते बाहेर काढले. बोटांना चहा आणि साय लागली. तो चिकटपणा अजून आठवतो.

रविवारी हिंजवडीकडचे पालक मुलांना घेऊन क्लब बघायला आले. भिंतीवर दोन कागद फ्रेम करून लावले होते, ट्यूनरआधीचा आणि ट्यूनरनंतरचा. आधीचा म्हणजे तिचा आजवरचा सर्वांत वाईट कागद, एका तापाच्या दिवशीचा. सर पालकांना म्हणाले, "हे आमचे इंजिनिअरसाहेब. विज्ञान यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी काही बोलायच्या आत ती मुलगी पुढे आली.

"सर, त्याच खुणेचे आजून चार कागद हायेत. मीच झाडल्यात."

"अगं, ती कच्ची पानं होती," सर हसत म्हणाले.

मी पिशवीतून ते डागाळलेले चार कागद काढून टेबलावर पसरले. एका बाईंनी ते नीट पाहिले आणि मुलाला घेऊन त्या निघून गेल्या. बाकीच्यांनी फ्रेमचे फोटो काढले.

मुलगी माझ्याकडे वळली. "दादा, ते काढा आता."

मी खिशातली, स्क्रू ढिला करायची ॲलन की काढली. सर खालच्या आवाजात म्हणाले की रायफल क्लबची आहे. पण लोकांसमोर ते माझा हात धरू शकले नाहीत. आट्यांमधून वाळलेलं कुंकू माझ्या तळहातावर सांडलं आणि वजन निघालं. तिनं लगेच पडून रायफल खांद्याला लावली आणि नुसती मान डोलावली.

गुण सावरले तशी रायफल तिच्याकडेच राहिली. निवडीला ती मोकळ्या नळीनं उतरली आणि संघात आली, शेवटच्या जागेवर. त्याच संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर तिचा फोटो आला. फोटो खंडेनवमीचा, नळीवर वजन, वजनावर कुंकू. खाली लिहिलं होतं की आमच्या ट्यूनरनं वाडीतल्या मुलीला संघात नेलं. तिनं मला फोन करून एवढंच विचारलं, "मग मी काय केलं, दादा?"

पुढच्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये क्लबकडून ट्यूनरची नवी ऑर्डर आली. हे काम माझ्या हातून होणार नाही, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. शेजारच्या लेथवर दुसऱ्यानं ती वजनं कातली, माझ्याच ड्रॉइंगवरून. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात माझी सही आहे, माझ्या पदवीसकट.