नारायणपेठीमागची भिंत

स्वरूपाची खोड अशी, की बेल वाजली की आधी घर आवरायचं, मग दार उघडायचं. आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात ती गुणवत्ता तपासायची. बाटलीवर ओरखडा दिसला तरी काम थांबवायची. घरी मात्र घरमालक डेक्लनने पाइप बदलायला स्वयंपाकघराची भिंत फोडली, परवा येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. भिंतीला ओल आली, बुरशी चढली, लहानग्या लेकीचा, मुक्ताचा, खोकला हटेना. आणि या बाईंनी काय करावं? भगदाडावर जुनी नारायणपेठी साडी टांगली. डेक्लन कधी उगवलाच तर पोहे हाणायचा, "ग्रँड", म्हणजे तिकडचं 'झकास', म्हणायचा आणि सटकायचा.

नवरा, आशुतोष, म्हणायचा, तक्रार केली तर तो आपल्याला बाहेर काढेल, मग दुसरं घर कुठून आणायचं? स्वरूपालाही तीच धास्ती होती. पण खोकून बेजार झालेल्या मुक्ताला शाळेने घरी पाठवलं, तेव्हा स्वरूपाचं डोकं फिरलं. तिने भाडेकरूंच्या मदत केंद्राला फोन लावला. दुरुस्ती पुरी करणं मालकाचंच काम आहे, ती मागितली म्हणून तो तुम्हाला काढू शकत नाही, असं तिथून कळलं. तिने डेक्लनला रीतसर लेखी कळवलं. तो ढिम्म हलला नाही, तेव्हा तिने कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, तक्रार केली.

इन्स्पेक्टरबाई आल्या, सोबत डेक्लनही. आणि बेल वाजताच आमच्या या शूर बाईने ओटा पुसला, साडीच्या चुण्या नीट केल्या आणि मग दार उघडलं! किचन छान ठेवलंय, असं इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. डेक्लन गालात हसला.

ते हसू बघून स्वरूपाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने साडी एका झटक्यात खाली ओढली.

"ही भिंत तू फोडलीस, डेक्लन. माझी लेक इथे जेवते. ही बुजेपर्यंत या घरात ग्रँड म्हणायचं नाही."

इन्स्पेक्टरबाईंनी भगदाडात टॉर्च मारला. डेक्लनला ठरावीक मुदतीत काम पुरं करण्याची नोटीस निघाली. गवंडी आला, भिंत कोरडी, गुळगुळीत झाली, आणि घर सोडा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्या दिवशी पोहे झाले, पण गवंड्यासाठी. डेक्लन दारात वास घेत उभा होता.

गणपतीला स्वरूपा तीच नारायणपेठी नेसली आणि दर्शनाला आलेल्या प्रत्येकाला बाप्पाच्या आधी ती भिंत दाखवत सुटली.